म्हाताऱ्या कुत्र्याचे ताट आणि आपला औषधाचा डबा

मृगाचा पाऊस नुकताच सुरू झाला होता. रक्तदाब तपासून घ्यायला सत्तरीचे एक काका दवाखान्यात आले. गावात नवरा-बायको दोघेच, मुलगा मुंबईला नोकरीला. तपासणी झाली, गोळ्या लिहून झाल्या, तरी काका खुर्चीवरून उठेनात. मग त्यांनी खिशातून गुडघेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढली.

"डॉक्टर, रागावणार नाय ना? यातली अर्धी गोळी आमच्या मोत्याला दिली तर चालंल? बारा वर्षांचा झालाय. उठताना कण्हतो, ओटीची पायरी चढत नाय. माझं नि त्याचं दुखणं एकच."

त्याच खिशात आणखी एक पाकीट होते. आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची 'ड' जीवनसत्त्वाची पूड. "ही पण त्याच्या भाकरीवर टाकावी म्हणतो. हाडांना ताकद येईल."

गोळी डायक्लोफिनॅकची होती. काकांनी देण्याआधी विचारले, हे मोत्याचे नशीब. न विचारता देणारेच अधिक.

मी माणसांचा डॉक्टर आहे. जनावरांचा इलाज हा पशुवैद्यांचा प्रांत, त्यात मी शिरणार नाही. पण आपल्या तळे तालुक्यासारख्या भागात कुत्र्याच्या ताटात पडणारे अन्न आपल्याच चुलीवरचे असते आणि त्याच्या पोटात जाणारे औषध पुष्कळदा आपल्याच डब्यातले असते. हे दोन्ही प्रश्न माझ्याकडेच येतात. शिवाय तरुण मुले मुंबईला आणि घरी म्हातारे आई-बाप व म्हातारा कुत्रा, अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. म्हणून आजचा लेख या राखणदारासाठी.

वय कसे मोजावे?

'कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे' हा हिशेब सर्वांना पाठ आहे, पण तो बरोबर नाही. कुत्रा पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने मोठा होतो, पुढे वय वाढण्याचा वेग मंदावतो. २०२० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लॅब्राडोर जातीच्या कुत्र्यांच्या रक्तातील जनुकीय खुणा तपासून नवा हिशेब मांडला. त्यानुसार सात वर्षांचा लॅब्राडोर माणसाच्या सुमारे बासष्ट वर्षांच्या बरोबरीचा ठरतो, तर बारा वर्षांचा सुमारे एकाहत्तरीचा. इतर जातींना हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. मोठ्या चणीची कुत्री लवकर म्हातारी होतात, लहान चणीची उशिरा. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याच्या बाबतीत आठव्या-नवव्या वर्षापासून सावध राहावे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

म्हातारपणात हालचाल कमी होते, म्हणून ऊर्जेची गरज घटते. दुसरीकडे मांसपेशी झिजू लागतात, म्हणून प्रथिनांची गरज टिकून राहते, किंबहुना वाढते. आपण मात्र नेमके उलटे करतो. 'आता काय, म्हातारा झाला' म्हणून अंडे-मासळी बंद करतो आणि दूध-भाकरी, भात, बिस्किटे वाढवतो. परिणामी पोट सुटते आणि मांड्या वाळतात.

एक कबुली

ही चूक मी स्वतः केली आहे. आमच्या घरी चंपी नावाची गावठी कुत्री होती. अकराव्या वर्षी ती पाणी जास्त पिऊ लागली. वैशाखाचा उकाडा आहे, असे मी म्हटले. मग ती बारीक होऊ लागली. वय झाले, असे मी म्हटले. प्रथिनांनी मूत्रपिंडावर ताण येतो, हे कधीकाळी वाचलेले डोक्यात होते. कसलीही तपासणी न करता मी तिची अंडी आणि मासे बंद केले, आणि घरच्यांनी मायेने दूध-भाकरी वाढवली. चार महिने असे गेले. एके दिवशी ती दाराच्या चौकटीवर आपटली, तेव्हा डोळ्यांत पांढरे दिसले.

गुरांच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. साखर भरपूर होती. मधुमेह! रोज वीस माणसांची साखर पाहणाऱ्या मला माझ्या अंगणातला मधुमेह दिसला नाही. मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू फार लवकर होतो. तो होऊन गेला होता. पुढे दिवसातून दोनदा इन्शुलिन आणि ठरल्या वेळी ठरलेले जेवण, असे करत ती दीड वर्ष जगली, पण आंधळेपणाने. वेळेवर तपासले असते तर ती निदान आणखी काही काळ डोळसपणे जगली असती.

म्हणून या लेखात सांगायची मुख्य गोष्ट एकच. म्हातारपण हा आजार नव्हे, पण आजार म्हातारपणाच्या आड लपून बसतात. आधी तपासणी करावी, मग ताट बदलावे, आणि पूरक औषधांचा विचार सर्वांत शेवटी.

घरच्या घरी तीन तपासण्या

या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा कराव्यात आणि कॅलेंडरवर टिपून ठेवाव्यात.

पहिली, वजन. लहान कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. मोठ्या कुत्र्याला ओळखीच्या दुकानातील धान्याच्या काट्यावर उभे करता येते. दोन-तीन महिन्यांत वजन दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे १५ किलोचा कुत्रा साडेतेरावर आला, तर ते वयाच्या खाती टाकू नये.

दुसरी, फासळ्या. आपला हात सपाट धरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवावे. हाडे जशी लागतात तशा कुत्र्याच्या फासळ्या लागल्या तर वजन ठीक आहे. वळलेल्या मुठीच्या हाडांसारख्या टोचत असतील तर तो रोड आहे. तळव्यासारख्या मऊ मांसाखाली हरवल्या असतील तर तो लठ्ठ आहे. त्याच वेळी मांड्या आणि पाठीचा कणाही चाचपावा. पोट गोल आणि कणा वर आलेला, असे असेल तर चरबी वाढून मांस झिजते आहे असे समजावे.

तिसरी, पाणी. सकाळी मोजून पाणी ठेवावे आणि दुसऱ्या सकाळी उरलेले मोजावे. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याने दीड लिटरहून अधिक पाणी पिणे नेहमीचे नाही. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, ग्रंथींचे विकार यांची ती खूण असू शकते. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत मलूल झाली, खाईना आणि पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याची शक्यता असते. तिथे एक दिवसही थांबू नये.

यासोबत वर्षातून एकदा, आणि दहा वर्षांनंतर शक्य तर दोनदा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तोंड-दात आणि हृदय तपासून घ्यावे, रक्त-लघवी तपासून घ्यावी. सोयी सगळीकडे सारख्या नसतात, पण लघवीची साधी पट्टी-तपासणीही पुष्कळ काही सांगून जाते. अवघड दुखणे असेल तर मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचे जुने रुग्णालय आहे. तेथे तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्यावी.

भात-भाकरी चालते का?

'कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भात कशाला?' असे हल्ली शहरातून येणारी मंडळी विचारतात. याचे उत्तर कुत्र्याच्या जनुकांत सापडते. २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी लांडगा आणि कुत्रा यांची तुलना केली. पिष्ट पचवणारा रस तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत प्रती आढळल्या. माणूस शेती करू लागला आणि त्याच्या खरकट्यावर राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला. तेव्हा शिजवलेला मऊ भात किंवा तांदळाची भाकरी त्याला पचते. अडचण एवढीच की नुसत्या भात-भाकरीने पोट भरले तरी शरीर भरत नाही.

मग ताटात काय असावे? साधारण १५ किलो वजनाच्या, तपासणीत निरोगी ठरलेल्या, बेताची हालचाल करणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे दिवसभराचे जेवण असे धरता येईल:

मऊ शिजवलेला भात – २०० ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन लहान वाट्या.
उकडलेले, हाडे काढलेले कोंबडीचे मांस किंवा काटे काढलेला मासा – १२० ग्रॅम.
उकडलेले अंडे – एक.
शिजवलेला लाल भोपळा किंवा दुधी – १०० ग्रॅम.
ताजे दही – अर्धी वाटी.
तेल – एक चहाचा चमचा.

यातून सुमारे साडेसहाशे कॅलरी आणि पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. वजन वाढू लागले तर भात कमी करावा, मांस-अंडे नव्हे. वजन उतरू लागले आणि तपासणीत काही निघाले नाही, तर सगळेच थोडे वाढवावे. शाकाहारी घरात अंडी चालत असतील तर मांसाऐवजी अंडी वाढवावीत. तीही चालत नसतील तर पनीर, दही आणि शिजवून घोटलेली मुगाची डाळ द्यावी. नुसत्या वरण-भातावर मात्र भागत नाही.

हे जेवण एकदम न देता दोन किंवा तीन वेळांत विभागून द्यावे. किंचित कोमट असेल तर वास सुटतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे नाक मंदावलेले असते, वास आला की ते खाते. दात हलत असतील तर घोटून द्यावे. मान वाकवताना दुखत असेल तर भांडे पाटावर ठेवावे. नवे अन्न सुरू करताना आठ-दहा दिवसांत हळूहळू जुन्याची जागा घेऊ द्यावी.

दुधाबद्दल दोन शब्द. बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दुधातील साखर नीट पचत नाही, म्हणून हगवण लागते. दही किंवा मीठ न घातलेले ताक बरे.

बिस्किटांचा हिशेब तर आपण करतच नाही. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण वीस कॅलरी असतात. सकाळच्या चहासोबत चार, दुपारी चार, संध्याकाळी चार, अशी बारा बिस्किटे झाली की दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा संपतो. त्यातून प्रथिने नगण्य.

लठ्ठपणाचे मोल किती, याचा एक पुरावा सांगतो. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून त्यांना पिल्लूपणापासून मरेपर्यंत पाहिले गेले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न दिले. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे भरले, तर बेताने खाणाऱ्यांचे १३ वर्षे. शिवाय बेताने खाणाऱ्यांना सांध्यांचे दुखणे उशिरा लागले. कोणत्याही टॉनिकने कुत्र्याच्या आयुष्यात जवळजवळ दोन वर्षे वाढवल्याचे माझ्या वाचनात नाही.

ताटात काय नसावे?

कांदा-लसणाचे वाटण: कांद्यातील द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. एका वेळी शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा घातक ठरू शकतो. १५ किलोच्या कुत्र्याला हे माप ७५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मध्यम कांदा. शिजवल्याने हा दोष जात नाही. म्हणून मटणाचा रस्सा ओतण्याआधी कुत्र्याचा वाटा वेगळा उकडून काढावा.

द्राक्षे, मनुका आणि चिंच: द्राक्षांनी कुत्र्याचे मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते, हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते, पण कारण सापडत नव्हते. अलीकडे संशय टार्टारिक आम्लावर आला आहे. ते चिंचेतही भरपूर असते, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याच्या नोंदी २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. तेव्हा चिंचेचा कोळ घातलेले कालवण कुत्र्याच्या भातावर ओतू नये.

शिजवलेली हाडे आणि माशांचे काटे: शिजलेले कोंबडीचे हाड टोकदार फुटते. म्हाताऱ्या कुत्र्याचे दात किडलेले आणि आतडे मंद, त्यामुळे धोका दुप्पट.

खारवलेली मासळी: पावसाळ्यात ताजी मासळी मिळत नाही तेव्हा कुत्र्यालाही सुक्या मासळीवर ठेवले जाते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या कुत्र्याला एवढे मीठ बाधते. बिनमिठाची सुकट असली तरी वाळू निघून जाईपर्यंत दोन-तीनदा धुऊन, शिजवून आणि थोडीच द्यावी.

चॉकलेट आणि 'शुगर फ्री' गोडवा: मधुमेही माणसासाठी आणलेल्या काही पदार्थांत आणि च्युइंगममध्ये झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची साखर एकाएकी उतरते आणि यकृतही निकामी होऊ शकते.

पूरक काय द्यावे?

घरचे अन्न कितीही मायेने केले तरी त्यात काही ना काही उणे राहते. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यकीय संशोधकांनी २०१३ साली कुत्र्यांसाठीच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी १९० मध्ये निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून वरच्या ताटालाही जोड हवी.

सर्वांत मोठी उणीव कॅल्शियमची. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम लागते. वरच्या ताटातून त्याचा लहानसा वाटाच मिळतो. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी बारीक करावीत. ही पूड सपाट अर्धा चहाचा चमचा रोज जेवणात मिसळली की उणीव बरीचशी भरून निघते. मात्र मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. जस्त, आयोडीन, 'ई' जीवनसत्त्व यांसाठी खास कुत्र्यांकरिता मिळणारे खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. त्यात कॅल्शियम असेल तर टरफलाची पूड त्या मानाने कमी करावी.

सांधेदुखीसाठी बाजारात ग्लुकोसामाइनच्या गोळ्या भरपूर खपतात. २०२२ साली अशा पूरकांवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग दिसला नाही. उपयोग दिसला तो ओमेगा-३ या माशांच्या तेलातील घटकाचा. आपण तर खाडीकाठची माणसे! तारली, बांगडा असे तेलकट मासे उकडून, सगळे काटे काढून आठवड्यातून दोन-तीनदा मांसाऐवजी दिले तर हा घटक ताटातूनच मिळतो. मासा शिजवूनच द्यावा. काही कच्च्या माशांत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, ते शिजवल्याने निकामी होते. कॉडलिव्हर तेल मात्र वेगळे. त्यात 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे असतात आणि ती साठून बाधतात. कलेजीचेही तसेच, आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे.

खोबरेल तेलाने म्हाताऱ्या कुत्र्याचा मेंदू तल्लख होतो, असेही कानावर येते. प्रयोगात ज्या स्निग्ध घटकांचा उपयोग दिसला ते खोबरेलातून निवडून काढलेले असतात. घाणीवरच्या तेलात त्यांचे प्रमाण थोडे. चमचे-चमचे तेल पाजले तर हगवण आणि स्वादुपिंडाचा दाह पदरात पडतो.

मुंबईहून मुलगा 'सीनियर' असे छापलेली तयार खाद्याची पिशवी पाठवतो. हरकत नाही. पण सर्वसाधारण बाजारात या शब्दाला ठरावीक व्याख्या नाही, हे लक्षात ठेवावे. कोणा पिशवीत प्रथिने जास्त, कोणात कमी. 'प्रौढ कुत्र्यासाठी परिपूर्ण आहार' असे लिहिले आहे का, ते पाहावे. पूर्ण जेवण तयार खाद्याचे असेल तर वर वेगळे कॅल्शियम नको.

आणि प्रथिने कमी केव्हा करावीत? मूत्रपिंडाचा विकार तपासणीत सिद्ध झाला आणि पशुवैद्याने सांगितले तर. तेव्हा प्रथिनांइतकेच, किंबहुना अधिक, लक्ष फॉस्फरस कमी करण्याकडे द्यावे लागते. ते अंदाजपंचे करण्याचे काम नव्हे.

आपला औषधाचा डबा बंद

आता काकांच्या खिशातल्या दोन वस्तूंकडे येऊ. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. आधीच क्षीण मूत्रपिंड असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर अर्धी गोळीही महागात पडते. पॅरासिटामॉल बेताल दिल्यास यकृताला घातक. मांजराला तर अर्ध्या गोळीनेही मृत्यू येऊ शकतो. याच डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे संपवली. औषध दिलेले गुर मेले, ते गिधाडांनी खाल्ले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. शेजारच्या म्हसळा तालुक्यातील चिरगावची गिधाडे आपल्या लोकांना ठाऊक आहेत. माणसाला सोसते ते प्रत्येक जिवाला सोसत नाही, याचा याहून मोठा धडा कोणता? कुत्र्यांच्या सांधेदुखीवर वेगळी औषधे आहेत. ती पशुवैद्य वजन आणि मूत्रपिंड पाहून देतात.

'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पूड आज बहुतेक घरांत सापडते. एवढ्या युनिटचे वजन फक्त दीड मिलिग्रॅम. पण कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपासून विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला एकच पाकीट त्या मापापर्यंत नेते, आणि हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहते. रक्तात कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ताकदीसाठी दिलेली पूड अशी जिवावर उठते. चुकून खाल्ले गेले तर पाकीट घेऊन लगेच पशुवैद्याकडे जावे, लक्षणांची वाट पाहू नये.

हात घालण्यापूर्वी

शेवटी माणसांच्या डॉक्टरचे काम करतो. कुत्रा अचानक खाईना, तोंड उघडे, लाळ गळते, आवाज बदललेला, तर 'घशात हाड अडकले' असे समजून आपण तोंडात हात घालतो. पिसाळण्याच्या एका प्रकारात हीच लक्षणे दिसतात. उघड्या हाताने तोंड उघडू नये. कुत्र्याला वेगळे बांधावे किंवा कोंडावे आणि पशुवैद्याला बोलवावे. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. 'म्हातारा झाला, आता लस कशाला?' हा विचार चुकीचा आहे. रेबीजची लस त्याला शेवटपर्यंत द्यावी. तसेच भातशेतीच्या आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लसही पशुवैद्यांना विचारून घ्यावी. हा रोग उंदीर-घुशींप्रमाणे कुत्र्याच्या लघवीतूनही माणसाला होऊ शकतो.

मोत्याचे पुढे काय झाले?

काकांनी माझे ऐकले. गुरांच्या डॉक्टरांनी मोत्याला तपासले. मूत्रपिंडे ठीक, मागच्या पायांचे सांधे झिजलेले. वजन २२ किलो भरले, असायला हवे होते अठरा. बिस्किटे बंद झाली, भात निम्मा झाला, रोज एक अंडे आणि जमेल तेव्हा मासे सुरू झाले. दुखण्यावर कुत्र्याचे औषध मिळाले. नव्या टाइल्सवर त्याचे पाय घसरत, तिथे काकूंनी गोणपाट अंथरले. सकाळ-संध्याकाळ काकांनी त्याला थोडे चालवायला सुरुवात केली, त्यात काकांचेही चालणे झाले.

गणपतीत मुलगा घरी आला. सोबत 'सीनियर' खाद्याची पिशवी होती. आरतीनंतर काका मला सांगत होते, "वीसच्या खाली आलाय आता. पायरी अजून नीट चढत नाय, पण उठताना कण्हत नाय." तेवढ्यात मोत्या उठून अंगणाच्या बेड्यापाशी जाऊन बसला, राखणीला.

जेवायला बसण्याआधी कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. म्हातारपणी तो घास मोजून काढावा, एवढेच माझे सांगणे.